रोज मरण बघणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं: अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलिस आणि बचाव पथकांसाठी

माझ्या ओळखीचा एक फायरमन आहे. बावीस वर्षं नोकरी झालेली. एका रविवारी घरी बायको भरताचं वांगं गॅसवर भाजत होती. साल तडतडली, करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत आला आणि हा उठून, चपला न घालता, तीन मजले उतरून सोसायटीच्या गेटशी जाऊन उभा राहिला. वीस मिनिटं. ‘बायकोला वाटलं, पान खायला गेलो,’ असं तो मला नंतर म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या केंद्राला मोठ्या आगीची एकही वर्दी नव्हती. गटारात अडकलेली गाय काढली होती, बस्स.

मी नऊ वर्षं १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो. आता नव्या मुलांना शिकवतो. ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, मान कशी धरायची, सीपीआर करताना दोघांनी पाळी कशी बदलायची, हे सगळं अभ्यासक्रमात आहे. त्या वांग्याचं काय करायचं, हे नाही. म्हणून हे लिहितोय. फायरमनची हकिकत त्याच्या परवानगीने सांगतोय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

आधी समजून घ्या: हे साचतं

माणूस मोठ्या दुर्घटनेने हलतो, असा सर्वसाधारण समज आहे. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. तिथे चिखलात काम केलेल्यांना त्रास झाला असेल, हे कुणालाही पटतं. पण रोजच्या कामाचं काय? गळफास, विहीर, ट्रकखाली गेलेली दुचाकी, भाजलेली सून, साप चावलेलं आणि आपण पोचायच्या आत गेलेलं मूल. यातल्या कशाचीच बातमी चार ओळींपेक्षा मोठी होत नाही. तासाभरात गाडी धुऊन पुढचा कॉल. मोठ्या दुर्घटनेनंतर निदान पाठीवर हात तरी पडतो. या रोजच्या केसेस कुणाच्या लेखी काही नसतात, आणि साचतात त्याच.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, हे नाव १९८० साली आलं. तेव्हा डोळ्यांसमोर होती एखादी भयंकर घटना. २०१३ च्या आवृत्तीत मात्र स्पष्ट लिहिलं गेलं की कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे भीषण तपशील पुन्हा पुन्हा वाट्याला येणं, हेही आघातात धरायचं. उदाहरणंही दिली: मानवी अवशेष गोळा करणारे, बालअत्याचाराचे तपशील सतत ऐकावे लागणारे पोलिस. टीव्हीवर बघितलेलं त्यात धरत नाहीत, ते बघणं हेच काम असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पंचनामा लिहिणारा हवालदार आणि कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून किंकाळ्या ऐकणारी मुलगीही यात आली. तिला तर शेवट काय झाला हे बहुतेक वेळा कळतही नाही. फोन कट होतो आणि दुसरा वाजतो.

साध्या आठवणीला तारीख असते. ती सांगते, ‘हे झालं होतं.’ आघाताच्या आठवणीची तारीख गळून पडते. ती सांगते, ‘हे होतंय.’ वास, आवाज, पाऊस, एखादा रंग, कशानेही ती जागी होते आणि शरीर लगेच तयारीला लागतं. छाती धडधडते, हात गार पडतात, पाय दाराकडे वळतात. डोकं नंतर येतं, खूप नंतर.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, नाहीतर वाचून घाबराल. या कामातल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. वाईट केसनंतर चार-आठ दिवस झोप बिघडणं, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येणं हा आजार नाही. ती आपोआप बसणारी धूळ आहे. बसली नाही, तर पुढचं वाचायचं.

ओळखायचं कसं

सिनेमात दाखवतात तसं कुणी किंचाळत उठत नाही. म्हणजे उठतातही, पण बहुतेकांचं फार साधं दिसतं. ड्यूटी संपल्यावर घराखाली पोचायचं आणि स्कूटरवरच अर्धा तास बसून राहायचं. एक विशिष्ट वळण टाळण्यासाठी चार किलोमीटरचा फेरा घ्यायचा आणि घरी सांगायचं की तिकडे ट्रॅफिक असतो. रात्री तीनदा उठून पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. मुलीने ताट आपटलं म्हणून तिच्यावर इतकं ओरडायचं की स्वतःलाच लाज वाटावी. मेहुण्याच्या लग्नात सगळे नाचताहेत आणि आपल्याला काचेपलीकडून बघितल्यासारखं वाटतंय. पित्त, पाठ, बीपी. आमच्यातली निम्मी माणसं मनाची तक्रार पोटाच्या नावाने सांगतात आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खातात.

आणखी एक प्रकार आहे आणि माझ्या मते आपल्याकडे तोच जास्त आहे. भीती नव्हे, अपराधीपणा. मोठ्या अपघातात जखमींना चार रंग द्यावे लागतात: लाल, पिवळा, हिरवा, काळा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळा, आणि पुढच्याकडे जायचं. नियम बरोबर आहे, त्यामुळेच जास्त माणसं वाचतात. पण ज्याला काळा दिला त्याच्याजवळ बसलेला बाप तुमच्याकडे बघत असतो. किंवा रेल्वे फाटकात गाडी सहा मिनिटं अडकते आणि पोचल्यावर लोक अंगावर येतात, ‘आत्ता आलात होय?’ ही सहा मिनिटं माणूस वर्षानुवर्षं मोजत बसतो.

रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीचं उदाहरण घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर गाडी जाईना, यंत्रं नेता येईनात, पावसात पायी चढून फावड्यांनी आणि हातांनी काम केलं. २३ तारखेला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जणांना बेपत्ता म्हणून जाहीर केलं गेलं. आपण उभे आहोत त्या मातीखाली माणसं आहेत हे माहीत असताना खाली उतरणं, ही वेगळीच जखम आहे. तिथे कुणाचीही चूक नव्हती, आणि तरीही ती जखम आहे.

तालुक्याच्या ठिकाणी यात आणखी एक भर पडते. शहरातल्या माणसाला मेलेला अनोळखी असतो. गावात तो तुमचा किराणावाला असतो, नाहीतर शाळेतला मित्र. दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानावरून जायचं असतं.

पहिली पायरी: हिशेब ठेवा

एक्स-रे विभागात काम करणारे छातीला एक बिल्ला लावतात, त्यात एकूण किती किरण अंगावर पडले याची नोंद होते. आपल्याला तसा बिल्ला नाही. मी खिशातल्या छोट्या डायरीत खुणा करायचो. मृतदेहाला टिंब. लहान मूल असेल तर गोल. ओळखीचं कुणी असेल किंवा लोकांनी हात टाकला असेल तर फुली. शेजारी त्या रात्री झोपलेले तास. नाव नाही, गाव नाही, तपशील नाही, कारण रुग्णाची गोपनीयता आपली डायरी हरवली तरी राहिली पाहिजे.

हे कुठलं शास्त्रीय मोजमाप नाही, माझी सवय आहे. पण महिन्याच्या शेवटी पान बघितलं की कळतं. एका फेब्रुवारीत माझ्या पानावर चार गोल होते आणि झोपेचे आकडे पाचावरून तीनवर आले होते. तोवर मी सगळ्यांना सांगत होतो की उन्हाळा लवकर सुरू झालाय, म्हणून चिडचिड होते.

दुसरी पायरी: स्पॉटवर कमी बघा

हे वाचून जुनी माणसं हसतील, पण सर्वांत जास्त फायदा याचाच होतो. जितकं कामासाठी लागतं तितकंच बघायचं.

जाताना गाडीतच मोठ्याने बोलून घ्या: ‘मूल आहे, भाजलंय, वय पाच-सहा. वायुमार्ग मी बघतो, तू फ्लुइड लाव. पायलटने गर्दी मागे सारायची.’ (आमच्याकडे गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात.) अपेक्षित असलेलं दृश्य कमी खोल जातं. काय दिसणार हे ठाऊक नसताना दार उघडणं सर्वांत वाईट.

मृतदेह हलवताना चेहरा आणि हात आधी झाका. चेहऱ्याखालोखाल हातच लक्षात राहतात. मेंदी, राखी, शाळेतल्या पेनाचे डाग. खिशातल्या वस्तू, फोन, ओळखपत्र हे काम एकाचंच असू द्या आणि तो माणूस प्रत्येक केसला बदला. उचलणाऱ्याने ओळखपत्र वाचू नये. वाजणाऱ्या फोनच्या स्क्रीनवर ‘आई’ हे नाव एकाने बघितलं तर पुरे, चौघांनी बघायची गरज नाही. ज्याचं काम नाही त्याने तिथे उभं राहायचं नाही. विशेषतः पहिल्याच महिन्यातल्या पोराला ‘ये, बघ, सवय होईल’ म्हणून पुढे ढकलू नका. हा प्रकार सर्रास चालतो आणि तो शुद्ध मूर्खपणा आहे. आणि आपलंही तेवढंच पोर असेल तर ते तोंडाने सांगा, दुसऱ्याला पुढे जाऊ द्या. यात भित्रेपणा काही नाही.

वासाबद्दल एक इशारा. कुजलेला मृतदेह असला की मास्कला कापूर किंवा व्हिक्स लावायची पद्धत आहे. माझ्या एका सहकाऱ्याने पुराच्या वेळी आठवडाभर कापूर वापरला. त्या वर्षी गणपतीत आरतीचं ताट त्याच्यासमोर आलं आणि तो उठून बाहेर गेला. वास दबत नाही, दोन वासांची गाठ बसते. चांगला मास्क वापरा, पाळ्या छोट्या ठेवा, आणि लावायचंच असेल तर घरात, देवळात कुठेही नसलेलं काहीतरी लावा.

तिसरी पायरी: पहिला तास

हात, चेहरा, मान धुवा. गणवेश बदला, निदान शर्ट तरी. पाणी प्या, काहीतरी खा, चहासोबत बिस्किट चालेल. मग गाडीतल्या सगळ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसायचं. पायलटसकट. डॉक्टर आत फाइल लिहितोय आणि पायलट एकटा मागचं रक्त धुतोय, हे नेहमीचं दृश्य. गाडी दोघांनी मिळून धुवा. ही दहा मिनिटं तिथेच मिळतात.

बोलायचं काय? कामाचं. काय झालं, काय जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. एवढंच. कुणाला आणखी बोलावंसं वाटलं तर ऐका, नाही वाटलं तर सोडा.

हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘सगळं बोलून मोकळं व्हा’ हा सल्ला कानीकपाळी ऐकू येतो. १९८३ साली जेफ्री मिचेल या अमेरिकेतल्या माजी फायरमनने घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करायची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे अशा एका बैठकीत उरकणाऱ्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या, त्या बहुतांशी रुग्णांवर. सगळ्या एकत्र तपासल्यावर दिसलं की तिने पीटीएसडी टळत नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या एका चाचणीत तर वर्षभरानंतर बोलतं केलेल्यांनाच त्रास जास्त निघाला. जखम ताजी असताना उकरली की ती आणखी खोल जाते. त्यामुळे सक्ती नको. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ ची पद्धत तीन शब्दांत मावते: बघा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प झालाय ते बघा, बोलेल तेवढं ऐका, आणि त्याला माणसांशी, जेवणाशी, घराशी, गरज पडली तर डॉक्टरशी जोडून द्या.

स्पॉटचे व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाका आणि ग्रुपवर आलेले उघडू नका. जे एकदा बघून पुरे झालं, ते रात्री पलंगावर पडून पाच वेळा बघायचं काही कारण नाही.

आपल्यात चालणारे काळे विनोद थांबवा असं मी म्हणणार नाही. नातेवाइकांच्या कानावर पडू देऊ नका, बस्स. पण एखादा माणूस विनोदाशिवाय काही बोलतच नाहीसा झाला, तर त्याच्याकडे लक्ष ठेवा.

चौथी पायरी: पहिल्या रात्री आणि पहिला आठवडा

दारूबद्दल नीती सांगत नाही, फक्त काय होतं ते सांगतो. दोन पेगनी झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते. मोडते ती नेमकी स्वप्नांच्या वेळी, ज्या झोपेत मेंदू दिवसभराचं आवरत असतो. म्हणजे उद्याही तेच दृश्य, तितकंच ताजं. मग उद्याही दोन पेग, परवा तीन. आमच्या क्षेत्रात पोरं दारूत जातात ती बहुतेक झोपेच्या वाटेने जातात.

मेडिकलमधून ओळखीने आणलेली झोपेची गोळीही तशीच. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी करायला बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे. सवय लागते ती वेगळीच.

त्याऐवजी हे करा. अंथरुणात वीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. श्वास चार आकड्यांत आत आणि सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की नाडी उतरते, हे बोटं मनगटावर ठेवून स्वतःच तपासा. दृश्य अंगावर आलं तर डोळे उघडे ठेवा आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: पंखा, कॅलेंडर, तांब्या, मुलाचं दप्तर, दाराची कडी. मग चार गोष्टींना हात लावा. मग आजचा वार आणि तारीख म्हणा. गळून पडलेली तारीख परत चिकटवायची आहे, एवढंच त्यामागचं गणित.

जाता जाता एक. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात वाहन-अपघातातून वाचलेल्यांना काही तासांच्या आत टेट्रिस हा विटा रचायचा खेळ खेळायला दिला, त्याआधी प्रसंग थोडक्यात आठवायला लावून. पहिल्या आठवड्यात त्यांना नको असलेली दृश्यं कमी आली. प्रयोग छोटा होता, त्यावर फार विसंबू नका. पण रात्री केंद्रात कुणी मोबाइलवर विटा रचत बसला असेल तर त्याची टर उडवू नका.

या आठवड्यात व्यायाम चालू ठेवा, जेवणाच्या वेळा सांभाळा, आणि डबल ड्यूटी मागून घेऊ नका. घरी बसवत नाही म्हणून ड्यूटी मागून घेणारे मी खूप बघितलेत. त्यांच्यात मीही होतो.

पाचवी पायरी: महिन्याने पाच प्रश्न

तारीख लिहून ठेवा आणि बरोबर एक महिन्याने स्वतःला विचारा. गेल्या महिनाभरात:

१. नको असताना ती दृश्यं किंवा स्वप्नं आली का?
२. ती आठवू नयेत म्हणून जागा, माणसं, विषय टाळायला धडपड केली का?
३. सतत सावध, दचकलेलं असं वाटत राहिलं का?
४. माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं, बधिर वाटलं का?
५. झाल्या गोष्टीबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबवता आलं नाही, असं झालं का?

तीन किंवा जास्त ‘हो’ असतील तर डॉक्टरला भेटा. हे निदान नाही, निदानासाठी जायचं की नाही ते ठरवायची चाळणी आहे. आणि एकच ‘हो’ असेल पण त्याने घर किंवा काम बिघडत असेल, तरीही जा.

मरून जावं असा विचार येत असेल तर महिना मोजायचा नाही. आजच कुणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पोलिसांसाठी आणखी एक: असा विचार येऊन गेला असेल तर सरकारी हत्यार जमा करा. काय कारण द्यायचं ते नंतर बघू. वाईट घटका सहसा निघून जाते, तेवढ्यापुरतं हाताशी काही नको.

सहावी पायरी: उपचार

जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊन दाखवू शकतं. ‘येरवड्याला जायचं?’ म्हणून हसणाऱ्याला हसू द्या. त्याचं बीपी तपासलंत तर बहुधा १६०च्या वर निघेल.

डॉक्टरला विचारा: ‘आघातावरचे उपचार तुम्ही करता का, की नुसतं समुपदेशन?’ फरक मोठा आहे. नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकायला बसभाडं घालू नका. ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय त्या पद्धती म्हणजे आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा, बोलून करायचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून घेत आठवण हाताळायची पद्धत). साधारण आठ ते बारा बैठका लागतात, साचलेलं जुनं असेल तर जास्त. गरज असेल तर सर्ट्रालीनसारखी गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तिचं व्यसन लागत नाही, पण मनाने बंद करायची नाही.

सीबीटीत काय करतात हे आमच्या फायरमनवरून सांगतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आधी त्या वासामागची केस सांगायला लावली. अकरा वर्षांपूर्वीची निघाली. ती तो त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा सांगत गेला, पहिल्यांदा घाम फुटून, सहाव्यांदा कंटाळत. कंटाळा आला की काम झालं, असं बाई म्हणाल्या. बरोबरीने वांग्याची शिडी. आधी कच्चं वांगं हातात धरायचं. मग डब्यातली करपलेली साल, झाकण लावून. मग झाकण उघडून. मग शेजारणीच्या घरी वांगं भाजत असताना आपल्या बाल्कनीत उभं राहायचं. प्रत्येक पायरीवर एकच नियम: धडधड शिगेला असताना निघायचं नाही. तेव्हा निघालं तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. थांबलं की धडधड आपोआप उतरते आणि मेंदू दुसरं काहीतरी शिकतो. त्याला तीन महिने लागले. आता तो भरीत खातो, फक्त कांदा जास्त घालून मागतो. हे घरच्या घरी एकट्याने करायला जाऊ नका.

नोकरीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, कुणाच्या जिवाला धोका असेल तर असे मोजके अपवाद सोडून. कलम २१ नुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. पॉलिसी उघडून बघा, एजंटला लेखी विचारा.

केंद्र अधिकाऱ्यांसाठी

जून २०२३ मध्ये ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला, २९०हून जास्त माणसं गेली. एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी ४४ जणांना जिवंत काढलं आणि १२१ मृतदेह बाहेर काढले. काही दिवसांतच दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की आपला एक जवान म्हणतो, पाणी बघितलं की रक्त दिसतं; दुसऱ्याची भूकच गेली आहे. देशातल्या एका गणवेशधारी दलाचा प्रमुख हे माइकवर बोलला, याचं मोल मला कुठल्याही शिबिराहून जास्त वाटतं. तुम्ही केंद्रप्रमुख असाल तर तेवढंच करा. हजेरीच्या वेळी एकदा सांगा: ‘अमुक केसनंतर मला आठ दिवस झोप नव्हती.’ त्यानंतर कुणी ना कुणी तुमच्या केबिनचं दार लोटून येईल.

शिबिराचं म्हणाल तर, एकदा आम्हा साठ जणांना हॉलमध्ये बसवून पाहुण्यांनी ताणतणाव व्यवस्थापनावर स्लाइड दाखवल्या. पहिल्या रांगेत साहेब. शेवटी विचारलं, ‘कुणाला काही त्रास?’ कुणालाच नव्हता. चहा मात्र चांगला होता.

त्यापेक्षा हे करा. मुलाची केस झाली की त्या गाडीला पुढचा कॉल शक्य असेल तर अर्धा तास उशिरा द्या. सलग दोन वाईट केसेस एकाच टीमला लावू नका. साप्ताहिक सुट्टी कापू नका, हा उपचारच आहे. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि वर्षाने, असं तीनदा त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. वर्षाने का? कारण दरडीच्या ठिकाणी काम केलेल्यांना पुढच्या जुलैत पावसाचा जोर वाढला की अस्वस्थ व्हायला होतं आणि कारण त्यांना स्वतःलाही कळत नाही. १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना देतो. ती द्यायलाच हवी. त्या दिवशी परत आलेल्यांचं पुढे काय झालं, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

घरच्यांसाठी

आल्या आल्या ‘काय झालं, सांग ना’ नको. ‘जेवलास का?’ पुरे. आधीच एक वाक्य ठरवून ठेवा: ‘आज वाईट होती.’ एवढं त्याने किंवा तिने म्हटलं की अर्धा तास मुलं आजीकडे, टीव्ही बंद, आंघोळीचं पाणी तापलेलं. तपशील विचारायचे नाहीत, सांगितले तर थांबवायचं नाही. आणि गेल्या तीन महिन्यांत माणूस बदललाय असं वाटत असेल, तर ते भांडणात सुनावू नका. शांतपणे, तारखेसकट सांगा: ‘दिवाळीपासून तू रात्री दोनदा उठतोस.’ चिडक्या म्हटलेलं पटत नाही, मोजलेलं पटतं.

ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नाही

दरीत उतरणारे ट्रेकर्स, नदीत बुडी मारून मृतदेह काढणारे भोई, अपघातात काच फोडून पहिला हात घालणारा ढाबेवाला, पोलिस पाटील, गावातली कॉलेजची पोरं. बहुतेक वेळा आमच्या आधी तेच पोचलेले असतात. त्यांना ना रजा, ना विमा, ना केंद्र अधिकारी. सत्कार झाला तर शाल आणि नारळ. पुण्याहून आलेली तुकडी निघून जाते. हे त्याच गावात, त्याच नदीवर आंघोळीला जातात.

त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहीपर्यंत एक साधं काम कुठल्याही सरकारी माणसाला करता येईल. स्पॉट सोडण्याआधी, ज्यांनी ज्यांनी मृतदेहाला हात लावला त्यांची एक यादी करा. नाव, मोबाइल नंबर, आणि शेजारी पंधराव्या दिवसाची तारीख. त्या तारखेला फोन लावायचा आणि विचारायचं, ‘झोप लागते का रे?’ ‘लागते’ म्हणाला तरी घाईने फोन ठेवायचा नाही.